चारवर लिहिलेलं प्रकरण

हेमांगीच्या कानामागच्या, मन ताळ्यावर ठेवणाऱ्या यंत्राचा आकडा फक्त तिच्या बहिणीच्या, मालूताईच्या फोनवरून बदलता यायचा. डॉक्टरांची तशी अटच होती. सात म्हणजे स्थिर मन. पण सातवर आपली नायिका मेणाची, निर्जीव होते, असं लोकप्रिय कादंबरीकार असलेल्या हेमांगीचं ठाम मत होतं. शेवटच्या प्रकरणासाठी तिने बहिणीला हट्टाने आकडा चार करायला लावला. गेल्या वर्षी चारवर असतानाच ती गच्चीच्या कठड्यावर चढली होती.

आठ दिवस ती येरझाऱ्या घालत, रडत, खोडत लिहीत राहिली. आज मालूताईने शेवटचं पान वाचून डोळे पुसले.

"बघ! सातवर जमलं असतं का हे?"

मालूताईने फोन पुढे केला. पडद्यावर सातचा आकडा होता.

"बदललाच नाही गं. हात धजावला नाही."

"थापा मारू नकोस. मग मला झोप का नव्हती? ते रडणं कुठलं?"

"मला काय विचारतेस? लिहिलंस तू."

हेमांगी चिडून उठली आणि पुन्हा खुर्चीत बसली. वीस वर्षं ती प्रत्येक मुलाखतीत सांगत आली होती, की लिहितो तो आजार, मी फक्त पेन धरते.

तिने पानं ओढून घेतली आणि एखाद्या अनोळखी बाईचं लिखाण असावं तशी पहिल्या ओळीपासून वाचू लागली.