चाकाचे नट
मानसिंग आबांनी उभी हयात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ट्रक दुरुस्त केले होते. त्यामुळे विट्यात त्यांच्या मुलाने, जयराजने, नवी स्पोर्ट्स कार घेऊन ती आणखी चपळ करायचं ठरवलं, तेव्हा आबांनी गॅरेजचं नावही काढू दिलं नाही. "इंजिनाला हात लावायचा न्हाई, वॉरंटी जाईल. कंपनीचंच भारी ब्रेक पॅड आन् एअर फिल्टर आण. मी बशिवतो." आताशा हाताला कंप होता, तरी दुपारभर खपून त्यांनी चारी चाकं काढली, पॅड बदलले आणि चाकं पुन्हा चढवली. दुसऱ्या दिवशी दोघं साताऱ्याला निघाले. रहिमतपूरच्या अलीकडे स्टिअरिंग हादरू लागलं. जयराजने गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकाचे नट नुसत्या बोटांनी फिरत होते. त्याने गुपचूप चारी चाकांना पाना लावला आणि येऊन बसला. "दगड अडकला हुता, आबा." "दगड न्हवता रं," आबा समोर बघत म्हणाले. "माझ्या हातात जोर ऱ्हायला न्हाई. हितनं पुढं गाडी गॅरेजात देत जा." जयराजने गाडी सुरू केली. गडबडीत त्याच्याकडून चुकीचा गिअर पडला आणि गाडी गचके खात निघाली. एरवी एवढ्यावर आबांनी त्याला भर रस्त्यात झापलं असतं. आज ते साताऱ्यापर्यंत काहीच बोलले नाहीत.