बाबांची जागा

ऐक ना, मध्ये बोलू नकोस. पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या हेमांगीने बेटावरच्या सुरय पक्ष्याच्या पाठीवर, तो मासे कुठून आणतो ते कळवणारा ट्रान्समीटर चिकटवला, तेव्हा पक्षी धरून बसले होते तिचे बाबाच. "मासे खंय गावतत ता माका इचार, पाखराक कित्याक?" म्हणत हसत होते!

हे पक्षी पिल्लांसाठी जिथून मासे आणतात, तिथली मासेमारी सरकार बंद करणार होतं. महिन्याने पक्ष्याच्या फेऱ्यांचा नकाशा आला, तर सगळे ठिपके बाबांच्या मासेमारीच्या जागेवर. आजोबांनी दाखवलेली, सख्ख्या भावालाही न सांगितलेली जागा.

"चेडवा, तेवढे ठिपके पूस," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे काही मागितलं त्यांनी.

"पिल्लं मरतील, बाबा."

"आणि मी?"

तिने नकाशा तसाच सरकारकडे पाठवला. बाबांनी होडी विकली. आता ती घरी आली, की ते उठून बाहेर जातात.

तू काय केलं असतंस, सांग ना?