सौर प्रकल्पाला बाबांचं नाव

बाबांच्या तेरवीलाच कंपनीचे साहेब त्यांचा फोटो मागायला आले. बाबांनी औष्णिक वीज केंद्रात जन्मभर कोळसा हाताळला आणि शेवटी त्यांना श्वासच घेता येईना. आता तिथेच सौर प्रकल्प उभा राहणार होता. त्याला बाबांचं नाव द्यायचं होतं.

"नाव राहील ना बाई त्यांचं," म्हणत आईनं गहिवरून फोटो पुढे केला.

आजारपणात यांच्यापैकी कुणी फिरकलं नव्हतं. हा मान मला खुपला. "मग ही धूर ओकणारी चिमणी बंद होईल ना?" मी विचारलं.

"बंद कशी होईल, ताई? नवे कारखाने येताहेत, जिल्ह्याचा विकास होतोय. दोन्ही लागणार."

आईनं फोटो मागे घेतला.

"मंग भाऊ, ह्यांचं नाव त्या चिमणीलेच द्या ना."