पणतवाचं वजन

सोन्याची फुलं उधळली, तरी ती खाली यायला तयार नव्हती. घरातलं गुरुत्वाकर्षण सहाव्या हिश्शावर होतं, म्हणून ती रेंगाळत सासूबाईंच्या केसांवर उतरली.

पणतू मांडीवर आला आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. "मृदुला, याला वजनच नाही गं. उशी ठेवल्यासारखं वाटतंय. घर जरा खऱ्या वजनावर आण."

त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मृदुलानेच हौसेने घर हलकं करून घेतलं होतं. त्या घरभर तरंगायच्या आणि ती कौतुकाने बघायची. भार नसला की हाडं पोकळ होतात, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत उशीर झाला होता. आता खऱ्या वजनाने त्यांचा मणकाच मोडला असता.

मृदुलाने भिंतीवरच्या बटणाला नुसतं बोट लावलं. मग शेजारी बसून दुपट्याआडून नातवाला अलगद खाली दाबलं. "आणलं हं, आई."

"आता कसं! भरलाय हो गुलाम." सासूबाईंनी डोळे मिटले. "आणि डॉक्टर उगाच भीती घालतात. मला कुठे काय जड होतंय? आता घर असंच राहू दे."

मृदुलाला हात काढता येईना.