लाल पाकीट

हाँगकाँगच्या स्टुडिओत पाच मारेकऱ्यांच्या सिनेमातला गोळीबार चालू होता. म्हाताऱ्या स्टंटमन सेककाकांच्या गुडघ्यात आता एकदाच पडण्याइतका जीव उरला होता. "एका टेकमध्ये आटपा रे बाबांनो," असं सकाळीच सगळ्यांना विनवून, ते ठरल्या क्षणी जिन्यावरून गडगडत खाली आले आणि मेले.

दिग्दर्शक म्हणाला, "शिका जरा. गोळीबार रंगतो तो मरणाऱ्यामुळे. बंदूक काय, कुणीही रोखतं." खोटं मरण खरं होऊ नये म्हणून इथे मरणाऱ्या नटाला शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट देतात. सहायक यिंगने ते काकांच्या रंगाने माखलेल्या खिशात सारलं.

तेवढ्यात मॉनिटर पाहून हिरो फणकारला, "बार उडताना माझे डोळे मिटलेत. पुन्हा घ्या."

"मारणारा तू, आणि डोळे तुझे मिटतात होय?" काका पडल्यापडल्याच म्हणाले.

दिग्दर्शकाने मान खाली घातली आणि पुन्हा तयारी करायला सांगितलं. काका कठड्याला धरून कसेबसे उभे राहिले, तर यिंग हात पुढे करून समोर उभी.

"पाकीट परत द्या काका. हे मरण हिशेबात धरलेलं नाही."