गच्चीवरच्या कुरड्या

"घरात त्रेचाळीस अंश झालेत, आजी! आणि तुम्ही गच्चीवर गोधड्या पसरल्या?" उष्माघात पथकाची प्रणिता जिना चढून धापा टाकत म्हणाली.

चंद्रपुरात बाहेर पारा पन्नासवर होता. गल्लीतल्या बाकीच्या घरांत लोक चादर घेऊन झोपले होते, कारण सरकारने गच्च्यांना दिलेला लेप घरातली उष्णता थेट आकाशात फेकत असे. आकाश उघडं दिसलं पाहिजे, एवढीच त्याची अट होती. कौसल्याबाई वासेकरांनी मात्र तो लेप गोधड्यांनी झाकला होता, आणि गोधड्यांवर कुरड्या वाळत होत्या.

"त्या गारढोण लेपावर कुरड्या वाळतात काय वं? मागचा घाणा बुरशीनं गेला."

"आणि तुम्ही भाजून निघालात तर?"

"मी आधीच वाळलेली आहे. मला काय होते?"

एवढं बोलून त्या भिंतीला टेकल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. प्रणिताने त्यांना पाणी पाजलं. कुरड्यांसाठी तापलेली गच्ची शोधून दिल्याशिवाय येथून हलायचं नाही, असं तिने ठरवलं.

"आमच्या कार्यालयावर वाळवू. तिथे अजून लेप नाही, निविदा अडकली आहे."

"अन् कावळे कोण हाकलंन?"

"अठरा माणसं आहेत. सगळी रिकामी."

कौसल्याबाईंनी विचार केला. सरकारी माणसांवर त्यांचा भरवसा नव्हता, पण कावळे हाकलण्यापुरता ठेवायला हरकत नव्हती.

"धर ते टोक," त्या म्हणाल्या. "अन् हळू. एकही मोडली तर गोधडी पुन्हा अंथरीन."