वैजूची उडी

विजयसिंहांनी तो मजकूर बाराव्यांदा कापला आणि नजीरानं तो बाराव्यांदा परत टाकला.

‘वैजूचं वतन’ ही मालिका संपून चार वर्षं झाली होती, पण चाहत्यांनी तिच्यावर चालवलेली माहितीची साइट अजून जोरात होती. तिथं ‘जिवावर उदार’ नावाचं एक पान होतं. मालिकेत कुणी कधी जीव धोक्यात घातला, त्याची उदाहरणं त्यावर. साइटचे प्रमुख विजयसिंह. त्यांचा नियम साधा होता : उदाहरण दोन ओळींत संपवायचं. त्यांनी लिहिलं होतं, ‘भाग ११२ : वैजू विहिरीत उडी मारून पिंकीला वाचवते.’

नजीराचं हेच उदाहरण सत्तावीस ओळींचं होतं.

त्यात वैजू आधी पदर कमरेला घट्ट खोचते, नाहीतर साडी पाण्यात फुग्यासारखी फुगते. उडी घेताना ती डावीकडं झुकते, कारण उजवीकडं भिंतीतून एक दगड बाहेर आलाय. वरचं पाणी कोमट, पुरुषभर खाली गेलं की हाडं गोठवणारं. बुडालेल्या पायरीवर शेवाळ आहे. तिथं तिचा घोटा मुरगळतो.

शेवटी विजयसिंहांनी साइटवर लिहिणाऱ्या सगळ्यांना रविवारी सकाळी कोल्हापुरातल्या एका मिसळीच्या हॉटेलात बोलावलं. सातजण आले. हुपरीहून मोना आली. तिनं मालिकेतल्या कलाकारांच्या मुलाखती जमवून साइटवर लावल्या होत्या. नजीरा आपलं फॉल-पिकोचं दुकान बंद ठेवून आली.

“नजीराताई, तुमची तळमळ कळते,” विजयसिंह म्हणाले. “पण लोक मोबाईलवर वाचतात. एवढं कोण वाचणार?”

“न का वाचंनात. झालं कसं ते तर लिहिलेलं असू दे.”

“उडी मारली, पोरगी वाचली. कळलं की.”

“त्यात काय कळलं, सर? उडी मारली म्हणायला एक सेकंद लागतो. खाली बावीस सेकंद हुती ती.”

“साडीचं मात्र ताईंनी बरोबर लिहिलंय,” मोना म्हणाली. “धंदाच हाय त्यांचा.”

सगळे हसले. नजीरा हसली नाही.

विजयसिंहांनी लॅपटॉप उघडून भाग ११२ लावला. वैजू विहिरीच्या काठावर धावत येते. कॅमेरा वरून, पाठमोरा. उडी. पाणी उसळतं, शांत होतं. मग वैजूचा ओला चेहरा, काखेत पिंकी.

“सहा सेकंद,” विजयसिंह म्हणाले. “कॅमेरा पाण्याखाली गेलेलाच नाही. शेवाळ कुठाय? मुरगळलेला घोटा कुठाय?”

“दिसत न्हाई म्हणून नव्हतं, असं न्हाई.”

“मुलाखतीत वैजूचं काम करणाऱ्या बाईंनी उडीवर दोनच वाक्यं सांगितलीत,” मोना हळूच म्हणाली. “पाणी गार होतं आणि भीती वाटली. बास.”

“म्हणजे खुद्द बाईंनी जे सांगितलं नाही, ते तुम्हाला ठाऊक,” विजयसिंह म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “ताई, मी सहा वर्षं ही साइट सांभाळतोय. मनानं रचलेलं एक वाक्य मी इथं राहू दिलेलं नाही. एकतर ते आत्ता सगळ्यांसमोर काढा, नाहीतर मी तुमचं खातं बंद करतो.”

त्यांनी लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी जादा कट मागितला. नजीरानं आपल्या सत्तावीस ओळी वरपासून खालपर्यंत सावकाश वाचल्या. हे लिहायला तिला चार वर्षं धीर झाला नव्हता. लिहिल्यावर तीन महिने ते पुसलं जात होतं, आणि दर वेळी दुकानात मशीन थांबवून ती ते पुन्हा टाकत होती.

“काढा, ताई,” मोना म्हणाली. “एवढ्यासाठी कशाला वाद?”

“एवढ्यासाठी न्हाई,” नजीरा म्हणाली.

तिनं एकही शब्द खोडला नाही. शेवटच्या ओळीखाली जाऊन ती टाइप करू लागली. एकदा थांबली, मग पुरं केलं, जतन केलं आणि लॅपटॉप परत त्यांच्याकडं वळवला.

“आता घाला बंदी,” ती म्हणाली.

विजयसिंहांनी चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी अठ्ठाविसावी ओळ वाचली : “‘बाईंना पोहता येत नव्हतं, त्यांची साडी नेसून उडी मी मारली.’”